निळं बटन, मग मासा

५ जानेवारी, रविवार. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी.

राखीनं नवा फोन घेतला आणि जुना मला दिला. माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं, फोन लिहून घेतो. तारीख आणि वेळ तो स्वतःच टाकतो. मला एक अक्षर येत नाही. म्हणजे लिहिलेलं मी वाचू शकत नाही, आणि म्हातारीच्या फोनमध्ये दुसरं कोण कशाला तोंड घालेल? इतकी सुरक्षित वही तहसीलदाराकडेही नसेल.

मी मंदाबाई. वय सत्तरच्या वर, नक्की किती ते आधार कार्डाला विचारा. गाव केशोरीपासून चार किलोमीटर. घरात मी, सून रीता आणि नात राखी. मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्याबद्दल या वहीत बोलणार नाही.

राखी अर्जुनीला एका तांदळाच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चपर्यंत. मग परमनंट करू म्हणाले आहेत. परमनंट झाली तर पोट्टी घरी राहील. नाही झाली तर नागपूर नाहीतर रायपूर, आणि या घरात दोन बाया आणि एक मांजर.

संकल्प. एक, रोज लिहायचं. दोन, फोन शिकायचा. तीन, कोणाकडून फसायचं नाही.

तिसऱ्याची तशी गरज नव्हती. फसते ती शेजारची शकुंतलाबाई. दिवाळीत तिला फोन आला, लाइट कापून राहिलो म्हणे, आणि बाईनं एटीएमवरचे सगळे आकडे वाचून दाखवले. मी दोन दिवस हसली. शेजारीण आहे म्हणून पदर तोंडाला लावून हसली.

९ जानेवारी. दुपारी २.३०

रोज लिहायचं राहिलं. उन्हाळी धानाचे परे, म्हणजे रोपं, टाकायचे होते. परे रीतानं टाकले, पण लक्ष माझं होतं.

फोन मात्र शिकली. हिरवं म्हणजे उचला, लाल म्हणजे कापा. मध्येच टुंग होतं आणि वरून चिठ्ठी उतरते. हा राखीचा जुना फोन, तेव्हा तिच्या चिठ्ठ्या अजून इथे येत असतील, पोरगी सासरी गेली तरी तिची पत्रं माहेरी येतात तशी. चिठ्ठीखाली बहुतेक निळं बटन असतं. ते दाबलं की कटकट संपते. हे मला कोणी शिकवलं नाही, मी स्वतः शोधलं.

राखीला सांगितलं नाही. तिला आधीच कामं खूप. तेवढाच भार हलका.

१२ जानेवारी, रविवार. रात्री ७.४५

राखी जेवताना सांगून राहिली होती. तिच्या ऑफिसात परीक्षा असते म्हणे. कंपनीच आपल्या माणसांना खोट्या मेल पाठवते. कोण दाबतो ते पाहते. जो दाबेल त्याचं नाव भुपेंद्र सरांकडे लागतं. हे सर तिचे साहेब. तीन वेळा नाव लागलं तर परमनंट विसरा.

रीता म्हणाली, अगं बाई, आपलेच लोक आपल्यालेच फसवतात? राखी म्हणाली, फसवत नाही आई, शिकवतात. रीता म्हणाली, मग शिकवा ना सरळ. चोरून कायले?

मी दोघींना मामाजींचा नियम सांगितला. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या घराण्यानं तलाव बांधले, आणि गावच्या तलावाची पाळ मामाजींच्या ताब्यात होती. नियम असा. ज्याच्या हातून पाळीला भोक पडलं, कुदळीनं पडो की पाट वळवताना पडो, त्यानं दिवस मावळायच्या आत पाळीवर उभं राहून स्वतः ओरडायचं. ओरडला त्याला दंड नाही, सारं गाव टोपल्या घेऊन माती टाकायला येणार. लपवलं आणि दुसऱ्याला सापडलं, तर त्या वर्षी त्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी सगळ्यात शेवटी. चाळीस वर्षं पाळ फुटली नाही.

राखी म्हणाली, आजी, भुपेंद्र सरांले सांगायला पाहिजे हे. मी म्हटलं, आण त्याले घरी, सांगते.

मग तिला बजावलं, पोट्टे, तू मंदाची नात आहेस. आपल्या घरातलं कोणी गळाला लागत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत. सकाळी ११.२०

टुंग झालं. तिळगुळाचा डबा, वर लाल फीत, खाली निळं बटन. कंपनीनं राखीला तिळगूळ पाठवला असेल. दाबलं. डबा गेला आणि माशाचं चित्र आलं. गळाला लागलेला मासा, डोळे मोठे. खाली पुष्कळ अक्षरं. मच्छीवाल्याची जाहिरात असणार. संक्रांतीला कोण मासे विकतो? पण धंदेवाल्याला सण काय आणि वार काय.

मासा रोहूसारखा वाटला. आमच्या तलावातला चांगला असतो.

१५ जानेवारी. संध्याकाळी ६.५०

राखी रडकुंडीला येऊन घरी आली. तिचं नाव लागलं. कालच्या खोट्या मेलवर तिनं दाबलं म्हणे. ती म्हणते, मी दाबलंच नाही, मेल पाहून मी डिलीट केली. भुपेंद्र सर म्हणाले, मॅडम, माणूस विसरतो, सिस्टीम विसरत नाही.

मी तिला अर्धा तास समजावलं. कामाच्या वेळी मन इकडे तिकडे गेलं असेल, बोट पडलं असेल. कबूल करून टाकावं. ती म्हणाली, आजी, मी नाही दाबलं. मी म्हटलं, हाव बाई, नाही दाबलं. पण पुढच्या वेळी दाबू नको.

आजकालच्या मुलांना लक्ष देता येत नाही.

२३ जानेवारी. दुपारी ४

राखीला मदत म्हणून घरातच परीक्षा सुरू करावी असं ठरवलं. घर तयार झालं की पोरगी आपोआप तयार होईल.

आज पहिली. शकुंतलाबाईला पढवून रीताकडे पाठवलं. म्हणायचं, मंदाबाईनं पितळेचा गुंड मागितला, देवळात पाणी भरायला. मी तुरीच्या आडोशाला उभी. रीतानं विचारलं नाही, पुसलं नाही, गुंड उचलून दिला. वर म्हणते, झाकणही न्या.

मी बाहेर आली आणि सांगितलं, फेल. रीता म्हणाली, आत्याबाई, शकुंतलाबाईले मी एकवीस वर्षांपासून ओळखतो. तिले गुंड नाही द्यायचा तर कोणाले द्यायचा? मी म्हटलं, ओळखीचाच माणूस फसवतो. शकुंतलाबाई म्हणाली, मले कायले चोर बनवता वं? आणि गुंड ठेवून चालली गेली.

शिकताना थोडं दुखतंच.

३० जानेवारी. सकाळी ९

शकुंतलाबाईला पुन्हा मनवून आतापर्यंत घरात पाच परीक्षा. रीता फेल, फेल, फेल, पास, पास. सुधारणा स्पष्ट दिसते. आता कोणी काही मागितलं तर ती आधी दाराला कडी लावते. काल पोस्टमनलाही उभं ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.१५

पाळीवरून येताना पाय घसरला. घोटा मुरगळला. उठता येईना. नशिबानं शकुंतलाबाई तिथे शेळ्या चारत होती. म्हटलं, धाव, रीताले सांग. ती धावली.

घंटाभर कोणी आलं नाही. मी बसून, वर ऊन, बाजूला शकुंतलाबाईच्या शेळ्या. शेवटी ती एकटीच परत आली, घामानं ओली. म्हणाली, तुमची सून ऐकून नाही राहिली. म्हणते, जा बाई, मले माहीत आहे, परीक्षा आहे. मी म्हटलं, देवाची शपथ घेतो. ती म्हणते, मागच्या वेळीही घेतली होती. सुपडं घेऊन तांदूळ पाखडत बसली आहे.

शकुंतलाबाईच्या खांद्यावर लंगडत घरी आली. पाय लोट्याएवढा सुजला.

पण सांगायची गोष्ट ही की रीता पास झाली. पूर्ण पास. परीक्षेनं माणूस शिकतो हे सिद्ध झालं. राखीला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, आजी, ती तुले न्यायला आली नाही. मी म्हटलं, तेच तर.

११ फेब्रुवारी. दुपारी १२.४०

पाय पाटावर. वेळ जात नाही. टुंग. ट्रकचं चित्र, त्यावर खोकं. राखीचं काही सामान येऊन राहिलं असेल, नवा चार्जर मागवला होता. परत जाऊ नये म्हणून निळं दाबलं. पुन्हा तोच मच्छीवाला. मासा, गळ, अक्षरं.

इतका पैसा जाहिरातीवर उडवतो, तर मासे महागच असतील.

१२ फेब्रुवारी. रात्री ८

दुसरं नाव लागलं. काल दुपारी. राखी सांगते, त्या वेळी ती डबा खात होती, हात वरणानं भरलेले होते. सरांना हेही सांगितलं. सर म्हणाले, दुसऱ्या हातानं दाबलं असेल.

शिक्षा म्हणून चार तासांचे व्हिडिओ पाहायला लावले. सगळ्यांच्या समोर, मधल्या टेबलावर. ऑफिसातला कैलाश तिला आता मछली म्हणतो.

मी विचारलं, मछली काऊन? ती म्हणाली, असंच, फसणाऱ्याले म्हणतात. आणि ताट सरकवून उठली.

मला राग आला. पोरीचा नाही, तिच्या बोटांचा. संकल्प: महाशिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाला जायचं आणि तिच्या बोटांसाठी बेल वाहायचा.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्री. सकाळी १०

गेली नाही. अर्जुनीहून गोंदियाची गाडी, तिथून ऑटो, आणि हा पाय. घरातूनच हात जोडले. महादेवाला अंतर नसतं.

राखी झोपत नाही. वाळली आहे. कॉम्प्युटरसमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते, हे तिनंच रीताला सांगितलं. आता खरी मेलही उघडत नाही. नागपूरच्या मोठ्या ऑफिसनं गाडी पाठवायची तारीख बदलली होती, तीन वेळा कळवलं, हिनं एकदाही उघडलं नाही. दोन ट्रक उन्हात उभे राहिले. त्याबद्दल वेगळी बोलणी खाल्ली. दाबलं तर का दाबलं, नाही दाबलं तर का नाही.

रात्री मला विचारते, आजी, झोपेत माणूस दाबू शकतो का वं?

मी म्हटलं, तुझा आजोबा झोपेत बैल हाकायचा.

हे बोलायला नको होतं असं आता वाटतं.

७ मार्च. सकाळी ११.०५

टुंग. लाल कुलूप आणि खाली आकडे पळून राहिले, उलटे. काहीतरी संपत होतं. कुलूप म्हणजे लावायलाच सांगत असेल, उघडं राहिलं असेल काहीतरी राखीचं. आकडे संपायच्या आत निळं दाबलं. वेळेवर दाबलं.

मासा.

या मच्छीवाल्याला एकदा भेटलं पाहिजे.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.२०

आज महिला दिन. ऑफिसनं राखीला दोन वस्तू दिल्या. एक गुलाबाचं फूल आणि एक कागद. कागदावर लिहिलं आहे की तिचं नाव तीनदा लागलं. परमनंटचं आता वरून ठरेल, सर पाहतो म्हणाले.

फूल रीतानं देवाला वाहिलं. कागद राखीनं उशीखाली ठेवला. मी म्हटलं, उशीखाली कायले ठेवते? म्हणाली, मग कुठं ठेवू?

घरातल्या परीक्षा मी बंद केल्या. रीताचा अभ्यास पूर्ण झाला आहे.

१८ मार्च. रात्री ८.३०

खरा चोर येऊन गेला. ऑफिसात.

कंपनीच्या खात्यातून रक्कम गेली. किती ते कोणी सांगत नाही, म्हणजे मोठीच असेल. राखी सांगते, चोर मेलवर आलाच नाही. परवा भुपेंद्र सरांना फोन आला, मोठ्या ऑफिसातून बोलतो म्हणे. ही शेजारच्या टेबलावर. सर खुर्चीतून उठून उभे राहिले, हां जी सर, हां जी सर, आणि आपल्या फोनवर आलेले आकडे एक एक करून वाचून दाखवले. तिनं ऐकलं. कैलाशनं ऐकलं. सरांनी दोन दिवस कोणालाच सांगितलं नाही. आज बँकेनं विचारलं तेव्हा भांडं फुटलं.

म्हणजे सर आणि शकुंतलाबाई एकाच पाटावरचे.

मी म्हटलं, मामाजींच्या तलावात असता तर त्याच्या बांधीला पाणी शेवटी. राखी म्हणाली, आजी, त्यांच्या बांधीले कोण हात लावते?

२१ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.१५

नागपूरहून चौकशी आली. सर म्हणाले, ऑफिसात एकच कमकुवत जागा आहे, आणि राखीकडे बोट केलं. तीन वेळा रेकॉर्डवर आहे, चोराला वाट तिच्याच मेलमधून मिळाली असेल. राखीनं सरांच्या फोनचं सांगितलं. कैलाशला विचारलं तर तो म्हणाला, मी काही ऐकलं नाही.

तिचा फोन आणि कॉम्प्युटर सरांनी आपल्या कपाटात कुलूपबंद केले.

पोरगी चुलीपाशी बसून रीताला सांगून राहिली होती, मी इकडे खाटेवर. म्हणते, आई, चौकशीच्या साहेबानं विचारलं, दाबल्यावर मासा दिसला तेव्हाच कळवलं काऊन नाही? मी त्याले म्हटलं, कोणता मासा? तेव्हा त्यानं दाखवलं. खोट्या मेलवर दाबलं की गळाला लागलेला मासा येतो, खाली लिहिलेलं असतं, तुम्ही फसलात. आई, मी तो मासा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मी दाबलं असतं तर मले दिसला नसता का?

रीता म्हणाली, मग कोणाले दिसला?

२१ मार्च. संध्याकाळी ७.४०

मासे पुष्कळ असतात. जाहिरातीत असतात, दुकानाच्या पाटीवर असतात. शकुंतलाबाईच्या नातवाच्या सदऱ्यावरही मासा आहे. गळाशिवायचा आहे, पण आहे.

ऑफिसची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. हा तर फोन.

२४ मार्च, सोमवार. दुपारी १.१०

टुंग.

मिठाईचा डबा, होळी होऊन दहा दिवस झाले तरी. निळं बटन. मी फोन खाटेवर ठेवला. पाणी पिली. परत आली. खात्री करून घ्यावी म्हटलं. मच्छीवाला निघाला तर जीव हलका होईल. दाबलं.

मासा. मोठे डोळे.

खाली अक्षरं आहेत. काय लिहिलं आहे ते आता मला माहीत आहे.

संकल्प: आज दिवस मावळायच्या आत राखीला सांगायचं.

२४ मार्च. रात्री ८

राखी उशिरा आली. चौथं नाव लागलं. तिचा फोन सरांच्या कपाटात, कॉम्प्युटर बंद, आणि तरी एक वाजून दहा मिनिटांनी तिच्या नावानं कोणीतरी दाबलं. तिनं सरांना म्हटलं, आता तरी पाहा. सर म्हणाले, दुसऱ्याच्या फोनवरून केलं असेल तू.

हे सांगता सांगता ती थांबली. माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. चार्जिंग किती आहे ते पाहत असेल.

दिवस मावळून गेला होता. उद्या सांगते.

२५ मार्च. सकाळी ९.३०

सकाळी ती घाईत होती. घाईत सांगू नये. संध्याकाळी.

२५ मार्च. रात्री ८.१५

संध्याकाळी तिनं फोन मागितला. आजी, पाहू दे जरा. द्यावाच लागला. ती मागच्या दारी घेऊन गेली, बराच वेळ बसली. परत आणून दिला. मी विचारलं, काय पाहिलं? म्हणाली, काही नाही. तू बोलतेस ना याच्यात रोज? बोलत जा.

आनंद झाला. तिला काही सापडलं नाही.

२७ मार्च. दुपारी ३

विचार केला. सांगून काय होईल? नाव लागायचं ते लागलं. मी सांगितलं तर तिला वाटेल घरातल्याच माणसानं घात केला. तेवढं दुःख तिला कायले द्यायचं? न सांगणं हीच माया.

शिवाय चूक अर्धी तिची. आपल्या चिठ्ठ्या दुसऱ्याच्या फोनमध्ये ठेवाव्या का? अर्धी कंपनीची. न वाचणाऱ्या माणसासाठी अक्षरं कशाला लिहितात? बोलणारा मासा ठेवायचा.

२८ मार्च. रात्री ७.३०

राखीनं ताट वाढताना विचारलं, आजी, काही सांगायचं आहे का? मी म्हटलं, गुडघा दुखून राहिला. तिनं तेल लावलं. दोन्ही गुडघ्यांना.

३० मार्च, पाडवा. दुपारी १२

सणाच्या दिवशी वाईट बोलू नये. तिनं आजही विचारलं, काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, पुरणपोळीत साखर कमी आहे.

३१ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.४५

राखी परत आली. थैलीत तिचा कप, पाण्याची बाटली, टेबलावरचा छोटा गणपती. कॉन्ट्रॅक्ट पुढे दिलं नाही. वर लिहून दिलं आहे, सुरक्षेच्या कारणानं. असं लिहिलेला कागद घेऊन पंचक्रोशीत कोणी कॉम्प्युटरवर बसवणार नाही. रायपूरला तिच्या मैत्रिणीच्या ओळखीनं कपड्याच्या दुकानात जागा आहे. शुक्रवारी निघते.

रीता रडली. मी रडली नाही. मला रडायचा हक्क आहे की नाही ते कळेना.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ७.३०

सांगितलं.

राखी अंगणात बॅग उन्हात ठेवत होती. मी बाजेवरून उठली, तिच्या समोर उभी राहिली आणि जोरात म्हटलं, शकुंतलाबाईलाही ऐकू गेलं असेल: चारही मासे मी दाबले. तिळगूळ मी, ट्रक मी, कुलूप मी, मिठाई मी. मिठाईच्या वेळी मला माहीत होतं.

ती खाली बसली. म्हणाली, मले माहीत आहे आजी. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारपासून. तुझी वही वाचली मी.

मी म्हटलं, सारी? म्हणाली, सारी. रोज रात्री तू झोपली की वाचत होती. आईची परीक्षा, गुडघा, पुरणपोळी. न सांगणं हीच माया, तेही.

मग काऊन नाही बोलली वं? मी विचारलं.

ती म्हणाली, मी ऑफिसची मेल या फोनमधून काढली नाही, ते माझंही भोक. सरांले सांगितलं असतं तर म्हणाले असते, कंपनीची मेल घरी म्हातारीच्या हातात दिली, मग तर नोकरी आधीच गेली असती. म्हणून मीही नाही ओरडली. पण तू ओरडशील असं वाटून राहिलं होतं. रोज वाटत होतं, आज.

३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६.१०

अर्जुनीला गेली. राखी नको म्हणत होती, मी बस पकडली, मग तीही आली. आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या ऑफिसात गुन्हेगार म्हणून गेली. म्हटलं, माझा अंगठा घ्या, कागद करा, पोरगी निर्दोष आहे.

भुपेंद्र सरांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. माणूस वाईट नाही. डोळ्यांखाली काळं झालं आहे. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आजी, तुमचं मन मोठं आहे, पण रिपोर्ट वर गेला. आता उघडला तर पुष्कळ काही उघडेल. मग कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. कालच एप्रिलची परीक्षा झाली. एकानंही दाबलं नाही. शंभर टक्के. नागपूरहून शाबासकी आली. म्हणाले, एकूण कार्यक्रम यशस्वी झाला.

राखी हळूच म्हणाली, सर, मेल येताच कैलाश ओरडून सांगतो, आली रे मछली. सगळे हात वर करतात.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. ते पाहत राहिले. उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. कोण होतं कोणास ठाऊक. खरंच मोठं ऑफिस असेल. आम्ही उठलो तेव्हाही वाजत होता, आणि सर दोन्ही हात टेबलाखाली घेऊन बसले होते.

घरी आल्यावर राखीनं या फोनमधून तिच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. आता टुंग होणार नाही. वही ठेवू का पुसू, विचारलं. मी म्हटलं, ठेव. रायपूरहून वाचता येत असेल तर वाचत जा. ती म्हणाली, येते वाचता.

मग तिला विचारलं, मामाजींच्या नियमानं दिवस मावळायच्या आत. मी किती दिवस मावळू दिले?

मला वाटलं होतं तिला आठवणार नाही.

नऊ, म्हणाली.